मार्गदर्शकाला पहिले पत्र लिहिण्याआधी

दरवर्षी ‘पेट’ची, म्हणजे विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेशपरीक्षेची, जाहिरात निघाली किंवा ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल लागला की मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थ्यांचे फोन आणि मेल मला येऊ लागतात. कोणी हिंगोलीचा असतो, कोणी अंबाजोगाईची, कोणी देगलूरकडचा. एम.ए. किंवा एम.एस्सी. चांगल्या गुणांनी झालेली असते, परीक्षा पार पडलेली असते आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : कोणत्या सरांकडे जागा रिकामी आहे? पीएचडी झाल्यावर काय करायचे ठरवले आहे, असे मी विचारले की ‘ते नंतर बघू, आधी गाईड तर मिळू द्या’ असे उत्तर येते. या उत्तरामागची घाई मला समजते, कारण घरच्यांना काहीतरी सांगावे लागते आणि प्रवेशाची मुदत डोक्यावर असते. तरीही गेल्या काही वर्षांत ज्यांचे काम जवळून पाहिले, त्यांच्या अनुभवावरून माझे मत पक्के झाले आहे की मार्गदर्शक कोण असावा आणि पीएचडीनंतर कोठे जायचे, हा एकच निर्णय आहे. पुढली चार-सहा वर्षे आपण कोणती साधने हाताळणार, कोणत्या लोकांत वावरणार, कशा प्रकारचे लेखन करणार आणि शेवटी आपल्यासाठी शिफारसपत्र कोण लिहिणार, हे सगळे त्या एका निवडीवर अवलंबून राहते.

माझे स्वतःचे संशोधन भूशास्त्रातले, विहिरींच्या पाणीपातळीवरचे. आणि आज मी धाराशिव-लातूर भागात भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. त्यामुळे उदाहरणे साहजिकच त्या बाजूची जास्त येतील, पण इतिहास, अर्थशास्त्र, कृषी किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल असे मला वाटते.

नियमांची बाजू आधी पाहून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक नियमित सेवेतला असावा लागतो, त्याची स्वतःची पीएचडी झालेली असावी लागते आणि समीक्षित नियतकालिकांत त्याचे ठरावीक लेख प्रसिद्ध झालेले असावे लागतात : प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांसाठी किमान पाच, सहायक प्राध्यापकांसाठी किमान तीन. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. ही शेवटची अट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, आणि ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांचे नाव ऐकून आपण महिनाभर त्यांच्या मागे फिरतो, त्यांना आपल्याला घेणे नियमानेच शक्य नसते. पीएचडीचा काळ कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. मार्गदर्शकाचे अंतिम वाटप विभागाकडून होते, हे खरे. पण मुलाखतीत तुम्ही सांगितलेला अभ्यासविषय आणि संबंधित प्राध्यापकाचा होकार यांना त्यात महत्त्व असते, म्हणून आधी संपर्क साधणे योग्यच ठरते.

संपर्क साधण्याआधीचे काम मात्र वाचनाचे आहे, आणि नेमके हेच काम आपल्याकडे सर्वांत कमी होते. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने चालवलेले ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार सर्वांना मोफत खुले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंध तेथे मोठ्या संख्येने आहेत. मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेतला की त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध समोर येतात आणि प्रत्येक प्रबंध प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रकरणे अशा वेगवेगळ्या तुकड्यांत उघडता येतो. ज्यांच्याकडे जाण्याचा विचार आहे, त्यांच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध तरी असे उघडून शांतपणे पाहावेत.

काय पाहावे? सुरुवात शीर्षकांपासून करावी. एकाच मार्गदर्शकाच्या पाच प्रबंधांची शीर्षके फक्त तालुक्याच्या नावापुरती वेगळी असतील, ‘अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास’ आणि मग तोच अभ्यास शेजारच्या तालुक्यातला, तर सहावा तालुका आपल्या वाट्याला येणार हे ओळखावे. हे दर वेळी वाईटच असते असे नाही. एकच पद्धत सहा तालुक्यांत लावली तर तुलनेला उत्तम आधार मिळतो, पण त्यासाठी नंतरच्या प्रबंधाने आधीच्या प्रबंधाचा आधार घेतलेला, त्यातले आकडे तपासलेले आणि पुढे नेलेले असले पाहिजेत. म्हणून नव्या प्रबंधाची संदर्भसूची उघडून जुन्या प्रबंधाचे नाव तिच्यात आहे का, एवढे पाहावे. ते असेल तर त्या विभागात कामाची परंपरा आहे. नसेल तर प्रत्येक विद्यार्थी तेथे एकटाच नव्याने सुरुवात करतो आणि एकटाच संपवतो.

त्यानंतर ऋणनिर्देशाचे पान. बरेच जण ते औपचारिक समजून सोडून देतात, पण मला ते प्रबंधातले सर्वांत बोलके पान वाटते. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांची नावे घेतली आहेत का, ग्रंथपालांची आठवण ठेवली आहे का, दुसऱ्या विभागातल्या किंवा दुसऱ्या शहरातल्या एखाद्या तज्ज्ञाने मदत केल्याचे लिहिले आहे का, यावरून मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यांना कोणाकोणापर्यंत पोहोचवतो हे कळते. मग त्या प्रबंधकर्त्यांची नावे घेऊन ते आज कोठे आहेत याचा तपास करावा. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर शिक्षकांच्या याद्या असतात आणि बाकीचे विचारपूस करून कळते, कारण आपल्याकडे एका विषयाचे लोक एकमेकांना ओळखतातच. दहा वर्षांतले विद्यार्थी कोणी संशोधन संस्थेत, कोणी शासनाच्या खात्यात, कोणी कंपनीत, कोणी महाविद्यालयात असे पसरलेले दिसले, तर त्या मार्गदर्शकाकडे शिकलेले काम बाहेर चालते याचा याहून भक्कम पुरावा मिळणार नाही.

मार्गदर्शकाचे स्वतःचे अलीकडचे लेखही वाचावेत आणि ते कोठे छापून आले हे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्यापासून नियतकालिकाचा दर्जा जोखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि प्रत्यक्षात आपल्यावर आली आहे. पैसे भरल्यावर आठवड्याभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांतच सगळे लेखन असेल, तर आपले लेखनही तिकडेच जाईल आणि पुढे चांगल्या संस्थेच्या निवड समितीसमोर त्याचा उपयोग होणार नाही.

आता पत्राविषयी. ‘मला संशोधनाची मनापासून आवड आहे, मी मेहनती व प्रामाणिक आहे, कृपया एक संधी द्यावी’ अशा आशयाची पत्रे प्राध्यापकांना इतकी येतात की त्यांतून माणूस वेगळा दिसणे शक्यच नसते. पत्र लहान असावे, पण त्यात तीन गोष्टी हव्यात : त्यांचे कोणते काम वाचले, त्यातून कोणता प्रश्न सुचला आणि तो प्रश्न हाताळण्यासाठी तुमच्याजवळ आज काय आहे. माझ्या विषयातला एक काल्पनिक नमुना देते.

‘आदरणीय मॅडम, मी औसा तालुक्यातील असून भूशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केली आहे. तेरणा खोऱ्यातील विहिरींवर आपल्या मार्गदर्शनाखाली झालेला प्रबंध मी वाचला. त्यातील उन्हाळी पातळीच्या नोंदी उघड्या विहिरींच्या आहेत. त्यानंतर परिसरात बोअरची संख्या वाढली. त्यामुळे त्याच विहिरींच्या पातळीत कोणता फरक पडला, हे मला अभ्यासायचे आहे. माझ्या गावातील काही विहिरींच्या पावसाळ्याआधीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या पातळ्या मी मोजून ठेवल्या आहेत. त्यांचा तक्ता सोबत जोडला आहे. नेट परीक्षेत मी पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरले आहे. पुढे भूजलाच्या प्रत्यक्ष क्षेत्रकामातच राहण्याची माझी इच्छा आहे. येत्या प्रवेशफेरीत आपण नवे विद्यार्थी घेणार आहात का, आणि घेणार असल्यास या विषयावर बोलण्यासाठी आपण वेळ देऊ शकाल का?’

या पत्रात स्वतःची स्तुती नाही, तरी मुलगी वाचणारी आहे, मोजणारी आहे आणि तिला कोठे जायचे ते ठाऊक आहे, हे वाचणाऱ्याला समजते. ‘क्षेत्रकामातच राहण्याची इच्छा आहे’ हे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या मते पत्रातले तेच सर्वांत उपयोगी वाक्य आहे, कारण त्यावरून मार्गदर्शक ठरवू शकतो की हा विद्यार्थी आपल्याकडे यावा की शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याकडे. पत्रासोबत एक-दोन पानांचे संशोधनाचे टिपण आणि परिचयपत्र पुरेसे आहे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत आपल्या भागातल्या प्राध्यापकांना मराठीत लिहिले तर काही बिघडत नाही. विज्ञानात आणि बाहेरच्या संस्थांना इंग्रजीत लिहावे, मात्र ते दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नये, कारण भेटीत ते पाच मिनिटांत उघडे पडते. एकच मजकूर वीस जणांना एकत्र पाठवू नये. दोन आठवडे उत्तर आले नाही तर एकदा आदराने आठवण करावी. तरीही उत्तर नाही आले, तर पुढच्या नावाकडे वळावे आणि मनाला लावून घेऊ नये.

आपल्याकडे समक्ष जाऊन भेटण्याची पद्धत आहे आणि ती मला आवडते. हिंगोलीहून बसने संभाजीनगरला येऊन विभागाच्या दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची तळमळ मेलमध्ये दिसत नाही. फक्त वेळ ठरवून जावे आणि हातात टिपण असावे. नातेवाइकाची, संस्थाचालकाची किंवा पुढाऱ्याची ओळख लावून जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगते. ओळखीने मिळालेल्या होकारात मार्गदर्शकाला तुमच्या विषयात रस आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि तो रस नसेल तर तिसऱ्या वर्षी, काम अडल्यावर, ती ओळख काहीच करू शकत नाही.

माझ्या मार्गदर्शकांना मी प्रथम भेटले तेव्हा त्यांनी माझे टिपण बाजूला ठेवले आणि ‘तुम्हाला चांगली ठाऊक असलेली कोणतीही एक विहीर सांगा’ असे म्हणाले. मी आमच्या शेतातली सांगायला लागले : सात परस खोल, वरचा थर काळ्या मातीचा, त्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि तळाला काळा पाषाण. त्यांनी विचारले, झरे कोणत्या थरात आहेत, उन्हाळ्यात मोटार किती वेळ चालते, बंद केल्यावर पाणी पुन्हा किती तासांत भरते, शेजारच्या शेतात बोअर कधी झाले. काहींची उत्तरे मला देता आली, काहींची वडिलांना विचारून कळवते म्हटले. तासाभराच्या त्या बोलण्यातून माझ्या विषयाची निम्मी मांडणी तयार झाली. चांगला मार्गदर्शक पहिल्या भेटीत अशा प्रश्नांनी तुम्हाला जोखत असतो, आणि त्याच वेळी तुम्हीही त्याला जोखू शकता. तो तुमच्या प्रश्नाजवळ थांबला की लगेच स्वतःचा ठरलेला विषय तुमच्या हातात ठेवला, एवढे लक्षात घेतले तरी पुष्कळ.

तुम्हीही काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात, त्यात उद्धटपणा नाही. किती दिवसांनी भेट होते, लिहून दिलेले प्रकरण साधारण कधी वाचून मिळते, लेखात पहिले नाव कोणाचे असते, क्षेत्रकामाचा खर्च कोण उचलतो, गरज पडल्यास सहमार्गदर्शक घेता येईल का. याच प्रश्नांची उत्तरे नंतर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांकडून, शक्य तर कँटीनमध्ये चहा घेताना, पुन्हा ऐकावीत. विद्यार्थिनींनी विभागातल्या विद्यार्थिनींशी वेगळे बोलावे. क्षेत्रकामाला सोबत कोण असते, उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबावे लागते का, सुट्टीच्या दिवशी घरी बोलावले जाते का, हे विचारण्यात संकोच करू नये. प्रवेशासाठी, सहीसाठी किंवा व्हायवासाठी (अंतिम तोंडी परीक्षेसाठी) पैशाची अथवा घरकामाची अपेक्षा कोठे कानावर आली, तर कितीही मोठे नाव असले तरी तेथे जाऊ नये. ही गोष्ट सुरुवातीला किरकोळ वाटते आणि शेवटी प्रबंधच अडवून धरते.

मार्गदर्शक शोधताना आपली नजर संभाजीनगर, नांदेड आणि नंतर थेट पुण्याकडे जाते. पुण्याच्या संस्थांविषयी मला आदर आहे, पण मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने हैदराबादचा विचार करावा असे मला फार वाटते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या काळातली महसुलाची, जमिनींची, शिक्षणाची पुष्कळ कागदपत्रे तेथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याचा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला इतिहास लिहायचा तर उर्दू, थोडी फारसी आणि जोडीला मोडी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ज्याला या लिप्या येतात त्याला पुढे अभिलेखागारांत, वस्तुसंग्रहालयांत, भाषांतराच्या प्रकल्पांत मागणी असते. कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ पासून ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही तिची पिके म्हणजे आपल्याच शिवारातली पिके. त्याच वर्षी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात राहून तेथल्या शास्त्रज्ञाला सहमार्गदर्शक म्हणून घेता येईल का, हे विचारून पाहण्यासारखे आहे. भूजलासाठी राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था हैदराबादलाच आहे, आणि नांदेडहून तर मुंबईपेक्षा हैदराबाद खूपच जवळ पडते.

परदेशाविषयी एवढेच सांगते की जर्मनी, नेदरलँड्ससारख्या देशांत पीएचडीच्या बऱ्याच जागा नोकरीसारख्या जाहिरातीने भरल्या जातात आणि त्यांना पगार असतो. अमेरिकेत विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि आधीची एक-दोन वर्षे अभ्यासक्रमाची असतात. वर दिलेल्या पत्राची रीत दोन्हीकडे चालते.

पैशाचा हिशेब प्रवेशाआधी मांडावा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असेल तर सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफचे (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे) ४२,००० रुपये मिळतात; त्यावर घरभाडे भत्ता वेगळा, आणि एकूण मुदत पाच वर्षांची. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपल्या भागातल्या अनेक विद्यार्थ्यांना आधार देतात. त्यांच्या जाहिराती, नोंदणीच्या तारखेच्या अटी आणि कागदपत्रे दर वर्षी नीट वाचावीत. कोणतीही शिष्यवृत्ती असली तरी हप्ता मागेपुढे होऊ शकतो, म्हणून चार-सहा महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी असावी. पाच वर्षांची शिष्यवृत्ती आणि सहा वर्षांची मुदत यांतले शेवटचे वर्ष बहुतेकांना बिनपैशाचे जाते; ते कसे काढायचे याचा विचार पहिल्याच वर्षी व्हायला हवा.

आता पीएचडीनंतरचे. आपल्याकडे पीएचडी म्हणजे प्राध्यापकी हे समीकरण घरोघरी पक्के आहे. ते पूर्वी काही अंशी खरे होते. आज ते जसेच्या तसे धरले तर माणसाची उमेदीची वर्षे अडकतात. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट, स्लेट (राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला मात्र ती लागतेच. म्हणजे ज्याला फक्त महाविद्यालयात शिकवायचे आहे, त्याने नेट-सेट आधी काढावी, पीएचडीच्या भरवशावर ती पुढे ढकलू नये. अनुदानित महाविद्यालयांतील पदे रिकामी असली तरी शासनाची मान्यता, संस्थेची जाहिरात आणि प्रत्यक्ष नेमणूक यांत वर्षे जातात, आणि तोपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवणारे, पीएचडी झालेले अनेक जण मी ओळखते. त्यांच्यातले काही उत्तम शिक्षक आहेत. सकाळी एका गावात तास, दुपारी दुसऱ्या गावात तास आणि सुट्टीत मानधन बंद, अशा स्थितीत ते नवे संशोधन करू शकत नाहीत आणि पीएचडीतून मिळालेली धार बोथट होते, याचे मला अतिशय वाईट वाटते. तासिका तत्त्वावर काम करावे लागलेच तर ते किती वर्षे, याची मर्यादा स्वतःच घालून घ्यावी आणि तिच्या आत दुसरी वाट तयार ठेवावी.

दुसऱ्या वाटा आहेत, पण त्यांची दारे वेगवेगळ्या वयात बंद होतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकाचे पद संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते, त्याला एम.एस्सी. पुरते आणि खुल्या प्रवर्गाची वरची वयोमर्यादा ३२ आहे. सव्विसाव्या वर्षी पीएचडीला प्रवेश घेऊन ती पूर्ण झाल्यावरच या परीक्षेकडे पाहायचे म्हटले, तर वेळ निघून गेलेली असते. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला साधारणपणे ३५ ची मर्यादा आहे. म्हणून मी प्रत्येकाला एका कागदावर आपले वय आणि त्यासमोर या मर्यादा लिहायला सांगते. असा तक्ता पाहिल्यावर प्रबंध चौथ्या वर्षी संपवण्याची निकड आपोआप पटते.

खासगी क्षेत्राविषयी आपल्याकडे अकारण भीती आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि आज जालना बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र आहे. वनस्पती पैदासशास्त्र, बीजतंत्रज्ञान, कीटकशास्त्र शिकलेल्यांना तेथे प्रत्यक्ष संशोधनाचे काम मिळू शकते. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा परिसरातले औषध आणि रसायन कारखाने विश्लेषण प्रयोगशाळांसाठी माणसे घेतात. मात्र तेथे मुलाखतीत लेखांची यादी कमी आणि कोणते उपकरण स्वतः चालवले, बिघडल्यावर काय केले, हे जास्त विचारले जाते. ज्याला तिकडे जायचे आहे त्याने उपकरण चालू स्थितीत असलेल्या आणि विद्यार्थ्यांना ते हाताळू देणाऱ्या मार्गदर्शकाकडे जावे. नुसते कपाटात असलेले उपकरण उपयोगाचे नाही. ज्याला स्वयंसेवी क्षेत्रात, पाणलोट किंवा भूजलाच्या कामात यायचे आहे त्याने जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचे तंत्र), थोडी संख्याशास्त्राची समज आणि ग्रामसभेत उभे राहून पाण्याचा ताळेबंद मराठीत समजावून सांगण्याची सवय पीएचडीच्या काळातच लावून घ्यावी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यानंतर या भागातल्या पाण्याच्या कामांना अभ्यास असलेली माणसे हवी आहेत. आमच्याकडे येणारे बरेच अर्जदार प्रबंध चांगला लिहितात, पण शेतकऱ्यासमोर दहा मिनिटे बोलताना अडखळतात, आणि ही उणीव दोन-तीन वर्षांच्या सरावाने सहज भरून निघते.

घरच्यांशी बोलणे हाही नियोजनाचाच भाग आहे. ‘अजून किती वर्षे?’ हा प्रश्न प्रत्येक सणाला येतो, मुलींच्या बाबतीत त्यात लग्नाचा विषय मिसळतो आणि मुलांच्या बाबतीत शेतीचा. कोर्सवर्क, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), माहिती संकलन, लेखन, प्री-सबमिशन (प्रबंध देण्याआधीचे सादरीकरण), व्हायवा हे टप्पे आणि त्यांचे अंदाजे महिने आई-वडिलांना एकदा बसून समजावून सांगितले, तर त्यांचा धीर टिकतो. त्यांना दिसत नसलेल्या कामावर त्यांनी नुसता विश्वास ठेवावा ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

तिसऱ्या वर्षापासून मार्गदर्शकाशी पुढच्या कामाविषयी उघड बोलायला सुरुवात करावी. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावीच लागते. त्याच सुमारास पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या जाहिराती येणार आहेत, कोणता लेख आधी पूर्ण करायचा आणि कोणत्या परिषदेत कोणाला भेटायचे, हेही विचारून घ्यावे. संशोधनात जमवलेली मूळ माहिती, मोजमापांच्या वह्या आणि छायाचित्रे यांची एक प्रत विभागात आणि एक आपल्याजवळ राहील, आणि पुढच्या लेखांत ती कोण कशी वापरेल, हे प्रबंध सादर करण्याआधी लेखी ठरवून ठेवावे. शिफारसपत्र मागायचे असेल तर मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी मागावे आणि सोबत जाहिरात, स्वतःचा अर्ज, प्रबंधाचा एक पानी सारांश आणि आपल्या कामातली कोणती दोन-तीन अंगे त्या पदासाठी महत्त्वाची आहेत याचे छोटे टिपण द्यावे, म्हणजे मार्गदर्शकाला ठोकळेबाज चार ओळींऐवजी तुमच्याविषयी नेमके लिहिता येते.